हेमाआजीचं वाक्य

संगणक धडधाकट, वीज चालू, एकही तार तुटलेली नाही. तरी आजपासून तो वापरायचा नाही, असं का? जुईला काही केल्या उमगेना.

"यंत्राला काही झालेलं नाही गं," शरयू मावशीआजी म्हणाली. "त्याचा कारभारी चाललाय."

घरोघरच्या भिंतीच संगणक होऊन बोलू लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. शरयू मावशीआजी आणि जुईची आजी हेमा, या दोघी बहिणींनी चिपळुणात एक चिमुकली कंपनी काढली होती. 'अंगण' नावाची ऑपरेटिंग सिस्टिम (संगणकाचा सगळा कारभार पाहणारा मूळ प्रोग्रॅम) त्या बनवायच्या, तीही संगणकाला कधी हात न लावलेल्यांसाठी. लग्नघरात आचारी असतात, वाढपी असतात. पण कोणी काय करायचं हे सांगणारं माणूस नसेल तर सगळा गोंधळ. संगणकाचंही तसंच. शिवाय चोर रोज नव्या फटी शोधतात. त्या बुजवणारं कोणी उरलं नाही, की यंत्र वापरणं धोक्याचं. आणि अंगणची कंपनी तर आता बंद पडत होती.

कंपनीची एक रीत होती, मुकी बैठक. नवख्या माणसाला संगणकापुढे बसवायचं आणि बनवणाऱ्यांनी तोंडाला कुलूप लावून मागे बसायचं. नवखा अडला तर चूक कंपनीची. शरयूची जीभ सारखी वळवळायची, म्हणून हेमाआजी तिला चिमटे काढायची. लोक हमखास अडायचे त्या जागी हेमाआजीनंच लिहिलं होतं: 'घाबरू नका, काही बिघडलेलं नाही.'

हेमाआजी गेल्या वर्षी वारली.

"पण कंपनी बुडाली कशी?" जुईनं विचारलं.

"आम्ही कारभारी इतका लपवला, की तो आहे हेच कुणाला कळलं नाही. लोक आमच्याकडे शिकले नि दुसरीकडे गेले. आता अंगण बंद होतंय, तर कुणी साधं विचारलंही नाही."

"मग सोर्स कोड (प्रोग्रॅमच्या मूळ ओळी) सगळ्यांना खुला करू. फटी लोक बुजवतील."

"लोक हेमाचं वाक्यही बदलतील, जुई. तेवढंच उरलंय तिचं."

"आणि नाही खुला केला तर?"

"तर ते कुणीच वाचणार नाही," मावशीआजी म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. संध्याकाळी तिनं कोड खुला केला. सोबत मुक्या बैठकीची रीतही लिहिली.

काही आठवड्यांनी मोखाड्याच्या वनमाला नावाच्या शिक्षिकेनं एक बदल सुचवला. 'आम्ही मुकी बैठक घेतली. एक आजी तुमच्या वाक्यापाशी अडल्या. "बिघडलेलं" एवढंच वाचून त्यांनी हात मागे घेतला. म्हणून तिथे "सगळं ठीक आहे, पुढे चला" असं लिहिलंय. चालेल का?'

मावशीआजीनं ते दोनदा वाचलं. तिला फार वाईट वाटत होतं.

"हेमा त्या बैठकीत असती, तर तिनं तिथल्या तिथे बदललं असतं," ती म्हणाली आणि तिनं स्वतःच्या हातानं बदल मंजूर केला. हेमाआजीचं वाक्य गेलं. जुई मावशीआजीला बिलगून बसली.

दुसऱ्या दिवशी मोखाड्याहून निरोप आला. त्या आजी आज कुठेच अडल्या नव्हत्या.