सहा म्हाताऱ्या गाई

"बाबा, बुधवारी बुलडोझर येतोय. वरच्या रानातली सगळी सुबाभूळ मुळासकट काढून टाकतोय मी!"

केल्विन हे बोलला ते भाजलेल्या भोपळ्याची फोड काट्याने टोचता टोचता आणि शहाऐंशी वर्षांच्या बापाकडे बघून; पण ज्या काळजाला ते लागायचे होते तिथे ते बरोबर लागले. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीच्या, नोएलीनच्या हातातले ग्रेव्हीचे भांडे क्षणभर तसेच अधांतरी राहिले...

गेले आठ महिने या बहीणभावांत बोलणे नव्हते. रविवारचे जेवण मात्र चुकत नव्हते, कारण म्हाताऱ्या क्लॅरीचा, त्यांच्या वडिलांचा, तसा हुकूमच होता. मग दोघे एकाच टेबलावर बसत आणि "बाबा, तिला म्हणावं मीठ इकडे सरकव," "बाबा, त्याला म्हणावं, मीठ त्याच्या नाकासमोरच आहे," असा सगळा व्यवहार बापाच्या मध्यस्थीने चाले. अठ्ठावन्न वर्षांची बहीण आणि पंचेचाळीस वर्षांचा भाऊ! केल्विनची बायको लॉरेल बिचारी मधूनमधून कोणाच्या तरी पुढ्यात मटणाचा एखादा तुकडा वाढून वातावरण सांभाळी.

आणि सुबाभूळ! तीस वर्षांपूर्वी डॉसन नदीकाठच्या त्या काळ्या जमिनीत ती नोएलीनने पेरली होती. झाडांची एक ओळ, मग आठ मीटरचा गवताचा पट्टा, मग पुन्हा झाडांची ओळ, अशी नजर पोहोचेपर्यंत. झाडाने हवेतला नत्र मुळाशी आणून द्यावा, त्यावर शेजारचे गवत पोसले जावे आणि गुरांनी वरचा पाला नि खालचे गवत खात निवांत हिंडावे, असा तो संसार. शेजारीपाजारी पोट धरून हसले होते. "क्लॅरीने पोरीला तण पेरायला लावलंय!" पहिली दोन वर्षे रोपे इतकी नाजूक होती की गवताने आणि कांगारूंनी ती गिळूनच टाकली असती, नोएलीनने ओळ न् ओळ खुरपून ती जगवली. त्याच दोन वर्षांत आई अंथरुणाला खिळली, आणि नोएलीनशी लग्न ठरलेला गावातला तरुण शाळामास्तर तिची वाट बघून बघून शेवटी बदली घेऊन निघून गेला. त्याला तिने जाऊ दिले. आईला टाकून सुखाचा संसार थाटणे तिच्या अंतःकरणाला मानवले नसते.

पुढे जमीन झाली केल्विनच्या नावावर. जमीन मुलाची, हा त्या मुलखातला न लिहिलेला कायदा. नोएलीनला मिळाले ओढ्याकाठचे लाकडी घर, त्याला लागून रानाचा एक तुकडा आणि थोड्या गाई. ते हिरवेगार रान बघायला लांबलांबून लोक आले, तेव्हा क्लॅरीने छाती फुगवून सांगितले होते, "माझ्या केल्विनचं काम!" नोएलीन त्या वेळी पाहुण्यांसाठी चहा ओतत होती. तिने एक थेंबही सांडू दिला नाही.

मग हा दुष्काळ आला. दोन वर्षे आभाळ कोरडे राहिले, आणि केल्विनने वरच्या रानातले एकूणएक जनावर विकून टाकले. बहिणीलाही म्हणाला, "तुझ्या त्या सहा म्हाताऱ्या काढ! माझ्या शिवारात वृद्धाश्रम नको मला." आयुष्यात पहिल्यांदा ती "नाही" म्हणाली. त्यावर केल्विनची जीभ घसरली... "पोटी पोर नाही, म्हणून गाई कुरवाळत बसलीयस!"

त्या दिवसापासून ती वरच्या रानात पाऊल ठेवायला गेली नव्हती. ओढ्याकाठची सुबाभूळ विळ्याने कापायची, हातांनी गाईंपुढे टाकायची, त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि रविवारी मुकाट्याने जेवायला यायचे, एवढेच तिचे आठ महिने होते.

"का काढतोयस?"

टेबलावरचे काटेचमचे थांबले. क्लॅरीनेही मान वर केली. नोएलीन थेट भावाशी बोलली होती!

"कारण विष आहे ते!" केल्विनही भांडणाच्या भरात बापाचा मध्यस्थ विसरला. "पाऊस झाला, रान वर आलं, म्हणून पश्चिमेकडून एकशेऐंशी कालवडी आणल्या. आज सात आठवडे झाले. शेपट्यांचे केस गळताहेत, तोंडातून लाळ गळतेय, गळ्याशी गाठी आल्यात. अंगानं भरायच्या त्या वाळत चालल्यात. तुझं हे तण मला धुळीला मिळवणार!"

"त्यांच्यात एकही जुनं जनावर नाही?"

"कुठून असणार? सगळी विकली ना!"

नोएलीनने भांडे हळूच खाली ठेवले.

"अरे, मग असंच होणार. सुबाभळीत विष असतंच. ते पचवणारे जंतू गुरांच्या पोटात लागतात. सुरुवातीला आपली गुरं अशीच झडली होती, आठवत नाही तुला? शेतीखात्याचा माणूस बाटल्या घेऊन आला होता, मी आणि बाबांनी दहा गाईंना नळीने तो जंतूंचा रस पाजला. मग एकीच्या लाळेतून दुसरीला, दुसरीच्या शेणातून तिसरीला..."

"ते औषध देऊन झालंय केव्हाच. एकदा दिलं म्हणजे दिलं!"

"झाडांना नव्हतं दिलं रे, गुरांना दिलं होतं. गुरं गेली, त्यांच्याबरोबर तेही गेलं. आता ते फक्त माझ्या सहा गाईंच्या पोटात उरलंय."

केल्विन लालबुंद झाला. पंचवीस वर्षे नवी गुरे जुन्यांत मिसळत राहिली, जंतू आपोआप पसरत राहिले, आणि ते रानातच मुरले आहेत असे तो धरून चालला होता. पण चूक कबूल करणे आणि तेही हिच्यासमोर!

"म्हणजे आता तुझ्या त्या सांगाड्यांनी येऊन मला तारायचं? छान! बुलडोझर बुधवारी येतोय म्हणजे येतोय."

नोएलीन उठली, लॉरेलला जेवणाबद्दल धन्यवाद दिले आणि चालत घरी गेली.

सोमवार तिने ओढ्याकाठी घालवला. तिचे मन व्याकुळ झाले होते, आणि खोटे कशाला सांगा, त्या मनात एक काळा विचारही येऊन गेला. काढू दे त्याला! झाडे गेली की कळेल त्याला, कोणाच्या घामावर त्याचे घर उभे होते ते. पण गाईंच्या डोळ्यांकडे बघता बघता तिला त्या एकशेऐंशी कालवडी दिसू लागल्या, मुक्या, भरल्या रानात झिजणाऱ्या. त्यांनी तिचे काय वाकडे केले होते? आणि केल्विन! तेरा वर्षांनी लहान असलेल्या या भावाला तो तान्हा असल्यापासून तिनेच न्हाऊमाखू घातले होते. पोटी पोर नाही म्हणे... वेड्या, तू कोण होतास मग?

मंगळवारी सकाळी तिने फाटक उघडले.

वरचे रान सहा किलोमीटर लांब होते. गाई म्हाताऱ्या, वाट चढाची. त्या दहा पावले चालत आणि पाच मिनिटे थांबत. तिकडे कालवडींच्या गर्दीत एकदा मिसळल्या की त्या पुन्हा तिच्या दारात यायच्या नाहीत, एखादी तर या चालण्यानेच बसायची, हे तिला ठाऊक होते. या जगात स्वतःचे म्हणावे असे तिच्याजवळ एवढेच होते, आणि ते ती पायी चालवत नेत होती.

अर्ध्या वाटेवर समोरून केल्विनची गाडी आली. शेजारच्या सीटवर क्लॅरी होता. गाडी थांबली.

"कुठं निघालीस?"

"तुझ्या रानात. या तिथे पाण्यावर आल्या, शेजारी चरल्या की काही आठवड्यांत पसरेल. तोवर निम्म्या कालवडी नुसत्या गवताच्या रानात काढून ठेव, म्हणजे झीज थांबेल."

"मी तुला एवढं बोललो, नोली..." आठ महिन्यांत त्याने तिला प्रथमच या नावाने हाक मारली. "तरीही?"

"लागलं मला ते. फार लागलं. पण म्हणून का जनावरं मारायची?"

केल्विनने टोपी काढून हातात घेतली. तेवढ्यात क्लॅरी काठी टेकत गाडीतून उतरला.

"रविवारपासून मला झोप नाही," तो म्हणाला. "केल्विन, लोक रान बघायला आले होते, तेव्हा मी तुझं नाव सांगितलं. पण ते रान पेरलं तेव्हा तू लांब वसतिगृहात होतास रे! एक रोप लावलं नव्हतंस तू. लेकीचं काम आहे म्हटलं तर लोक हसतील, असं वाटलं मला. आणि हिने... हिने त्यांना चहा दिला! मी तुझा अपराधी आहे, नोएलीन."

"बाबा, उन्हात उभे राहू नका," एवढेच नोएलीन म्हणू शकली. तीस वर्षे ज्या शब्दांची वाट बघितली ते आले तेव्हा तिला ते ऐकवेनात!

"आणि नाही पसरलं तर?" केल्विनने हळू आवाजात विचारले.

"तर बुलडोझरला फाटक मी उघडून देईन."

त्याने गाडी तिथेच झाडाखाली लावली, बापाला आत बसवून, त्यांना न्यायला ये म्हणून लॉरेलला फोन केला आणि गाईंच्या दुसऱ्या बाजूने चालू लागला. उरलेले तीन किलोमीटर मागे राहणाऱ्या गाईला तो अगदी हळुवारपणे हाकत होता.

बुधवारी सात वाजता बुलडोझर खरोखरच आला, भल्या मोठ्या ट्रकवर चढून. चालक खाली उतरला. वरच्या रानात सहा हाडकुळ्या गाई आणि घोळक्याने त्यांच्याकडे बघणाऱ्या कालवडी होत्या. लाळ तशीच गळत होती, शेपट्या तशाच बोडक्या होत्या. एका रात्रीत काय दिसणार? पुरावा म्हणून दाखवावे असे काही नव्हते. होता तो फक्त नोएलीनचा शब्द.

"कुठून सुरू करू, मालक?" चालकाने विचारले.

केल्विनने रानाकडे पाहिले, मग फाटकाशी उभ्या असलेल्या बहिणीकडे.

"मला नको विचारू. जमीन माझी आहे, पण झाडं हिची आहेत. हिने पेरली, हिने जगवली. हिला विचार."

चालकाने टोपी मागे सरकवली आणि नोएलीनकडे वळला. "काय बाई, काय करायचं?"

अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात या रानाबद्दल तिला कोणी काही विचारले नव्हते! तिचे डोळे भरून आले, समोरच्या ओळी अंधूक झाल्या. तिने फाटकाची फळी घट्ट धरली.

"राहू देत," ती म्हणाली.