पांढऱ्या काठीची जाहिरात

"हे जाऊन वर्ष झालं," बाइंडिंगवाल्या काकू म्हणाल्या, "तरी कॉम्प्युटरवर पांढऱ्या काठ्यांच्या जाहिराती येतात. पाककृती उघडली तरी कडेला काठीच. शेवटी यांना काही दिसत नव्हतं हो. अजून चाचपडत असतील का?"

त्या धास्तीने काकू पुस्तकबांधणीचा कारखाना दिराला विकायला निघाल्या होत्या.

हे ऐकणाऱ्या बाई पूर्वी शाळेत विज्ञान शिकवत. आता लोकांची कोडी सोडवत. सोबतीला थोरले भाऊ, दादा.

बाईंनी कॉम्प्युटर पाहिला. उघडलेल्या पानांची यादी कोरी होती; काकूंची काल सकाळची पाककृतीही त्यात नव्हती. काठ्यांच्या दुकानाच्या कुकीज मात्र होत्या, मंगळवारच्या आणि कालच्या, गुरुवारच्या. या दोन्ही वारी दुपारी काकू माल पोचवायला जात.

दीर फोनवर चिडलाच. विकायचा आग्रह आपलाच आहे, पण भूत सोडायला रविवारशिवाय सवड कुठे, असं म्हणाला. तो रविवारीच येतो, हे काकूंनाही मान्य होतं.

काकूंची मुलगी पुस्तकाचे फर्मे, म्हणजे घड्या घातलेले छापील कागद, शिवत होती. बोलता बोलता तिने पहिल्याच खेपेला सुई ओवली. वडिलांना आधी कडेचं दिसेना, मग समोरचं, एवढंच तिने सांगितलं. उठताना ती बाजूला बसलेल्या दादांच्या खुर्चीवर आदळली.

"दीरच," बाहेर दादा म्हणाले. "पोरीची नजर काय तीक्ष्ण आहे."

बाई परत आत गेल्या आणि मुलीशी एकटीशी बोलल्या. शेवटी ती म्हणाली, "तुम्हीच सांगा. मला जमत नाही."

मग बाईंनी सगळ्यांना बसवलं.

"कुकी म्हणजे दुकानाने या कॉम्प्युटरमध्ये ठेवलेली खूण. जाहिरातवाले ती दुसऱ्या पानांवरही ओळखतात. पण ही खूण ताजी आहे, म्हणजे इथे जिवंत माणूस बसला होता. घाबरवणाऱ्याने यादी पुसली नसती. ती लपवणाऱ्याने पुसली. कुकीज तेवढ्या राहिल्या. मंगळवारी, गुरुवारी इथे एकटं कोण असतं?"

काकूंनी मुलीकडे पाहिलं. "ही तर सुई ओवते."

"समोरची सुई दिसते. कडेची खुर्ची दिसत नाही. काकू, तुमच्या यजमानांचं असंच सुरू झालं होतं."



"आणखी कोणाला माहीत आहे?" काकूंनी विचारलं.

बाईंनी कॉम्प्युटरमधल्या खुणा मोजल्या होत्या. "माणसांपैकी कोणाला नाही. जाहिरातींच्या एकतीस कंपन्यांना."

"आणि मी रोज हिच्या शेजारी बसते," काकू म्हणाल्या. मग उठून त्या मुलीच्या अगदी समोर येऊन बसल्या.