आतून उचललेलं झाकण

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. लोक म्हणतील, पोरगं परीक्षेला घाबरलंय. घाबरलोय, खरंय. पण घडलं तेही खरंय.

मुफुलिरा, आमचं तांब्याच्या खाणीचं गाव. शाळेची केमिस्ट्रीची लॅब. आजच, भर दुपारी.

मी घरी वाचून बाहेरून परीक्षा देतो; सरावापुरती शाळेची लॅब मिळते. केमिस्ट्रीत दोनदा नापास. पास झालो तर खाणीच्या लॅबमध्ये काम. नाहीतर बापासारखं जमिनीखाली खणायला.

आणि अडतो कुठे? एकाच प्रयोगात!

मॅग्नेशियमची पट्टी मुशीत, म्हणजे चिनीमातीच्या वाटीत, जाळायची. वजन जेवढं वाढलं तेवढा ऑक्सिजन. त्यावरून फॉर्म्युला काढायचा. उत्तर एकास एक. शेंबडं पोरही सांगेल.

माझं येतच नाही.

झाकण बंद ठेवलं तर हवा जात नाही, पट्टी कच्ची राहते. उघडलं तर पांढरा धूर उडतो, वजन गेलं. मधेमधे जरासंच उचलायचं. कधी? किती? म्हणे हाताला कळतं. माझ्या नाही कळत!

"बोई, दोस्ता, प्रयोग करतोयस की मक्याचा नशिमा घोटतोयस?" कालाबा म्हणाला. माझा मित्र. तोही परीक्षेला बसलाय.

"गप रे, नाहीतर तुलाच जाळीन यात."

तो हसत खायला आणायला गेला.

लाईट गेली. पंखा थांबला. खिडक्या बंद.

मी वैतागून चिमटा टेबलावर आपटला. मुशीखाली गॅस चालूच होता.

आणि...

टिंग.

झाकण उचललं गेलं. नखाएवढं. आत पट्टी लखलखली. झाकण परत बसलं. धूर जरासुद्धा बाहेर नाही.

वाटलं, गरम होऊन उडालं असेल.

मग पुन्हा. पण त्याआधी एक आवाज... कोणीतरी श्वास आत ओढल्याचा.

मी माझा श्वास रोखला.

तो आवाज चालूच होता...

मूस निवल्यावर वजन केलं. एकास एक.

लॅब बघणाऱ्या नाकाझ्वे मॅडम आत आल्या, आकडे बघून खूश. "जमलं की रे चिसेंगा!"

"मॅडम, मी हातच नाही लावला."

"मग उद्याही लावू नकोस," म्हणाल्या आणि हसत गेल्या.

डोकंच फिरलं. नवी पट्टी घेतली, झाकण स्वतः उचललं. चुकलं.

तिसऱ्या वेळी चिमट्याने झाकण दाबूनच धरलं.

आतून कोणीतरी ढकललं. आधी हळू...

मग जोरात. चिमटा निसटला.

झाकण वर गेलं. या वेळी बोटभर.

कालाबा आला तोवर मूस निवली होती. त्यानेच झाकण उलटं केलं. पांढऱ्या राखेत तीन बोटांच्या खुणा. बारीक.

आतल्या बाजूला.

"तू केलंस?"

मी माझी जाड बोटं त्याच्यासमोर धरली. त्याने झाकण पटकन खाली ठेवलं.

उद्या परीक्षा. तीच लॅब.

संध्याकाळभर भांडलो. "मला पास व्हायचंय! करू दे ना त्याला, माझं काय जातंय?"

"आधी नखाएवढं उचललं," कालाबा म्हणाला. "मग बोटभर. उद्या किती?"

 

कालाबाला शब्द दिलाय. उद्या माझ्या हाताआधी झाकण हललं, तर गॅस बंद करून बाहेर येईन. पेपर कोरा राहिला तरी.