काट्यावरची भर

“वाळे काढा आजी, कडदोराही काढा. बाळाला अगदी उघडं करा,” नवी नर्स म्हणाली आणि नलिनीताईंनी बाळाला छातीशी घट्ट धरलं...

मुलुंडच्या त्या दवाखान्यात दर महिन्याला नातीला, गंधालीला, त्याच घेऊन यायच्या. आज मात्र सूनबाई, प्रांजल, रजा काढून शेजारी उभी होती! वाळे निघाले, चांदीचा कडदोरा निघाला, जाड स्वेटर निघाला... आणि काट्यावरचा आकडा मागच्या वेळेपेक्षा खाली आला.

“असं कसं? दर महिन्याला वाढत होतं ना?” प्रांजलने नर्सला विचारलं.

नलिनीताईंना हुंदका आवरेना. प्रांजल पुन्हा नोकरीवर जाऊ लागल्यापासून राजेश, त्यांचाच लेक, तिला उठता-बसता टोचून बोलायचा. पोरीचं वजन जरा कमी भरलं की ती बिचारी भरल्या ताटावरून उठायची. ते बघवेना म्हणून एकदा त्यांनी वजन करताना वाळे तसेच ठेवले, पुढच्या वेळी कडदोरा, मग वर स्वेटर... घर शांत झालं खरं, पण लेकरू मात्र आतल्या आत सुकत गेलं!

“या वयातल्या वाढीवर पुढची तब्येत उभी राहते,” डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. “आधी कळायला हवं होतं. आज रक्त तपासू, पुढचं आत्ताच सांगता येणार नाही.”

तेवढ्यात गाडी लावून राजेश धावत आत आला. ऐकलं मात्र, आणि बायकोवरच घसरला. “तरी मी हिला सांगत होतो, नोकरी सोड...”

“गप रव, राजेश!” नलिनीताई कडाडल्या. “तिचा काय एक दोष नाय. मी केलंय हे, तुझ्या तोंडाला भिऊन केलंय! काट्याला फसवत बसले... त्यापेक्षा तुझं तोंड तेव्हाच बंद केलं असतं, तर ह्या पोरीवर ही पाळी आली नसती रे!”

राजेशची मान खाली गेली. प्रांजल सासूकडे बघत राहिली. तिला संताप आला होता, आणि त्याच वेळी भडभडूनही येत होतं.

“मी गावी निघून जाते गं, प्रांजल...”

“कुठे जाताय? मला नाही जमत अजून माफ करायला, आई. पण ती तुमच्याकडेच शांत राहते ना!” डोळे पुसत तिने गंधालीला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

सुई टोचली तेव्हा नलिनीताईंनी तो काडीसारखा दंड घट्ट धरून ठेवला. गंधालीने टाहो फोडला, आजीच्या तोंडाकडे बघत बघत... आणि जिने धरून ठेवलं होतं, तिच्याच कुशीत तिने तोंड लपवलं.