दोनशे चौदा मोतीबिंदूंचा माणूस

"दोनशे चौदा मोतीबिंदू असलेला पेशंट तुम्हीच शोधताय ना? तो मी."

शिवरंजनीने मान वर केली. संगणक कक्षाच्या दारात एक तरुण उभा होता. हेल्मेट काखेत, केस धुळीने भुरके झालेले आणि डोळे... आता नेत्र रुग्णालयात काम करणाऱ्या मुलीने माणसाचे डोळे आधी बघावेत यात नवल नाही. पण आपण जरा जास्तच वेळ बघतोय हे तिचं तिलाच कळलं आणि तिने घाईघाईने कीबोर्डवरची नसलेली धूळ झटकली. मोतीबिंदूचा तर मागमूसही नव्हता. चांगले तपकिरी, हसरे डोळे होते.

"परांड्याहून आलात?"

"सोनारीहून. मी मुकुल. परांडा तालुक्यातली आपली शिबिरं मी बघतो." तो क्षणभर थांबला. "म्हणजे... आज सकाळपर्यंत तरी बघत होतो."

झालं होतं ते असं. धाराशिवच्या या धर्मादाय रुग्णालयाचा पसारा जिल्हाभर. कळंबला शाखा, परांड्याला शाखा, गावोगावी तपासणीची शिबिरं. शिबिरांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर वेगळं, ऑपरेशनच्या तारखांचं वेगळं, औषधं आणि चष्म्यांचं तिसरंच. एका घरात राहून एकमेकींशी न बोलणाऱ्या तीन जावा असाव्यात तसा त्यांचा संसार होता. पेशंट बिचारा तीन खिडक्यांवर तीनदा आपलं नाव, गाव, वय सांगून थकायचा. या जावांना बोलतं करायला आठ महिन्यांपूर्वी शिवरंजनीला घेतलं होतं. कळंबच्या भुसार व्यापाऱ्याची ही मुलगी हुशार होती, पण नोकरी पहिलीच होती आणि कायम व्हायची की नाही ते महिनाअखेरीला ठरणार होतं.

तिन्हीकडच्या नोंदींतून एकच माणूस ओळखायचा कसा? नावं कुठे पूर्ण, कुठे अर्धी, वयं सगळी अंदाजपंचे. म्हणून शिवरंजनीने एक सोपा नियम घातला, मोबाइल नंबर एक तर माणूस एक. शनिवारी तिने तिन्ही सॉफ्टवेअर जोडली आणि सगळा जिल्हा छान जुळला. फक्त परांडा तालुक्यातल्या दोनशे चौदा म्हाताऱ्या-कोताऱ्यांचा मिळून एकच माणूस झाला. एका माणसाला इतके मोतीबिंदू कसे, हा प्रश्न यंत्राला पडला नाही. त्याने एक तारीख ठेवली, बाकीच्या दोनशे तेरा दुबार म्हणून रद्द केल्या आणि संशयास्पद नोंदींची यादी परस्पर चिटणिसांकडे पाठवून दिली.

चिटणीस म्हणजे अण्णाराव, निवृत्त मुख्याध्यापक. एक फोन आणि दोनशे चौदा पेशंट म्हटल्यावर शिबिर बोगस, असा निकाल त्यांनी सोमवारी सकाळचा चहा संपायच्या आत दिला होता.

त्यांच्यासमोर, शिवरंजनीच्या देखत, मुकुलने शांतपणे सगळं सांगितलं. म्हातारीकडे फोन नसतो. घरात असला तर तो लेकाच्या खिशात आणि लेक चाकणला. पण नंबर टाकल्याशिवाय फॉर्म काही पुढे सरकत नाही. म्हणून त्याने सगळ्यांच्या फॉर्मवर स्वतःचा नंबर टाकला. तारखेचा मेसेज आला की गाडी काढायची आणि दारोदार जाऊन सांगायचं. कोणाला कधी यायचं, ड्रॉप कधी घालायचे, साखरेची गोळी घ्यायची की नाही, सगळं.

अण्णाराव म्हणाले, सिद्ध करा. एकेका पेशंटशी शिवरंजनीने स्वतः बोलायचं, शुक्रवारपर्यंत. पहिल्या तुकडीची ऑपरेशनं रविवारी होती. माणसं खरी निघाली नाहीत तर शिबिरं रद्द आणि मुकुलची नोकरीही गेली.

इथे शिवरंजनीने तोंड उघडायला हवं होतं. सर, नियम माझा होता, एवढंच म्हणायचं होतं. पण महिनाअखेर डोळ्यांपुढे आली आणि तिने मान खाली घालून वहीत नुसतं 'शुक्रवार' लिहून घेतलं. मुकुलने एकदा तिच्याकडे बघितलं, हेल्मेट घातलं आणि तो निघून गेला.

मंगळवारी सकाळी तिने पहिला फोन लावला. कोणाशीही बोलायचं म्हटलं तरी नंबर तो एकच, त्यामुळे प्रत्येक वेळी आधी त्याचाच आवाज.

"बोला. कोण पाहिजे?"

"इरण्णा..."

"समोरच बसलेत. देऊ?"

त्याने वीस-पंचवीस जणांना सोनारीच्या काळभैरवाच्या देवळापाशी जमवलं होतं. शिवरंजनीने तयार केलेली प्रश्नावली होती: नाव, गाव, कोणता डोळा. इरण्णामामांनी ती ऐकून घेतली, डावा डोळा म्हणून सांगितलं आणि मग स्वतःची प्रश्नावली काढली. तुझं गाव कंचं? कळंब? कळंबला बाप काय करतो? भुसारवाल्याची व्हय, मग ठीक. नोकरी पक्की का कच्ची? लगीन झालं न्हाय? का बरं न्हाय झालं?

फोन स्पीकरवर होता, कारण मामांना ऐकायला कमी येत होतं. मागे कोणीतरी हसू दाबायचा प्रयत्न करत होतं आणि तो प्रयत्न काही जमत नव्हता.

त्या दिवशी पन्नास जणांची तपासणी झाली. नेमकी कोणाची तपासणी झाली ते मात्र विचारू नये. संध्याकाळपर्यंत चार गावांना माहीत झालं होतं की धाराशिवच्या ऑफिसातली मुलगी सव्वीस वर्षांची आहे, तिला कारल्याची भाजी आवडत नाही आणि तिने दोन स्थळं नाकारलीत. शेवटच्या फोननंतर तिने घसा खाकरून विचारलं, "तुम्ही... सगळं ऐकलं?"

"मी कशाला ऐकतोय," मुकुल म्हणाला. "कारल्याचं तेवढं ऐकलं. बाकीचं इरण्णामामांनी मला परत सांगितलं."

बुधवारी फोन लावताना तिचा हात जरा लवकर गेला. शेतावर गेलेल्या माणसांना गाठायला तो बांधाबांधाने फिरत होता. फोनमधून वाऱ्याने सळसळणारी ज्वारी ऐकू यायची, कुठे हुरडा भाजणाऱ्यांची गडबड, एकदा तर माकडाने चंद्रप्रभाकाकूंची पिशवी पळवल्याचा सगळा गोंधळ. काकूंना डोळा उजवा का डावा विचारलं तर त्या पिशवीतल्या केळ्यांबद्दलच बोलत राहिल्या. शिवरंजनी इतकी हसली की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

आणि दर हसण्यानंतर आत काहीतरी टोचायचं. हा माणूस उन्हातान्हात आपल्याच चुकीपायी फिरतोय आणि आपण त्याच्याशी हसतोय, याची तिला लाज वाटायची.

गुरुवारी दुपारी शरणम्मा फोनवर आल्या, यादीतलं शेवटचं नाव. वय पंचाहत्तर, दोन्ही डोळे. प्रश्न विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "लेकी, म्या खरीच हाय बघ. खोटी असते तर गुडघं एवढं दुखलं नसतं." मग आवाज खाली आणून, "ह्या पोराची नोकरी जाणार म्हनत्यात. ह्यो गेला तर आमाला तारीख कोन सांगंल?"

फोन मुकुलकडे गेला.

"झाले दोनशे चौदा," तो म्हणाला.

"हो... मुकुल, मला एक सांगायचं होतं."

"सांगा की."

पलीकडे ज्वारी सळसळत होती. तो वाट बघत होता, अगदी घाई न करता.

"काही नाही," ती म्हणाली. "पाणी पीत जा. ऊन आहे."

शुक्रवारी सकाळी ती अण्णारावांपुढे दोनशे चौदा जणांचा अहवाल घेऊन उभी राहिली. त्यांनी एकूण एक पान वाचलं. माणसं खरी आहेत हे त्यांनी मान्य केलं. पण दुसऱ्याच्या फॉर्मवर स्वतःचा नंबर घालणं हा बेशिस्तपणाच, असं म्हणत त्यांनी खणातून टाइप केलेलं पत्र काढलं. मुकुलचं नाव तिला उलटंही वाचता आलं.

"सर, सही करू नका." आपला आवाज एवढा मोठा येईल असं तिला वाटलं नव्हतं. "फोन एक तर माणूस एक, हा नियम माझा होता. गावात असं नसतं, हे मला कळायला हवं होतं. मी स्वतः कळंबची आहे. आमच्या दुकानातल्या फोनवर अर्ध्या गल्लीचे निरोप यायचे. तारखा माझ्या नियमाने गेल्या, त्यांच्यामुळे नाही. हे मी सोमवारीच सांगायला पाहिजे होतं... मी घाबरले."

अण्णारावांनी चष्मा काढला.

"तारखा परत येतील?"

"आणल्या, सर. जुन्या नोंदींची प्रत होती. सगळे दोनशे चौदा वेगळे केलेत. रविवारची तुकडी जशीच्या तशी आहे."

त्यांनी लाल पेन उचललं आणि वहीतली चुकीची बेरीज खोडावी तसं ते पत्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत खोडलं. मग म्हणाले, फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा. पेशंटचा फोन वेगळा आणि निरोप कोणाला द्यायचा त्याचा वेगळा. ती दारापर्यंत पोहोचल्यावर त्यांनी पुन्हा हाक मारली.

"चूक सांगायला चार दिवस लावलेत. पुढच्या वेळी त्याच दिवशी सांगायची. पुढची वेळ येणार आहे, कायम केल्याचं पत्र महिनाअखेरीला मिळेल."

जिन्यात आल्यावर शिवरंजनी तिथेच पायरीवर बसली. ती एकटीच हसत होती. पाच दिवसांत पहिल्यांदा तिला सपाटून भूक लागली होती.

रविवारी पहिल्या चाळीस जणांची ऑपरेशनं पार पडली. सोमवारी सकाळी वॉर्डात पट्ट्या सुटल्या. कोणी स्वतःच्या हाताच्या रेषा बघत होतं, कोणी खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी. इरण्णामामांनी नर्सबाईंना त्यांच्या साडीचा रंग तीनदा सांगितला. शरणम्मांनी शिवरंजनीला जवळ बोलावून नीट न्याहाळलं. आवाजावरून ती चांगली जाडजूड वाटली होती, असं म्हणाल्या आणि जरा खात जा असा सल्ला देऊन मोकळ्या झाल्या.

खाली आवारात सोनारीला जाणारी गाडी उभी होती. मुकुल एकेकाला हाताला धरून चढवत होता. नाकावर काळे चष्मे लावून सगळे खिडक्यांशी बसले. तो हात झटकत तिच्यापाशी आला.

"अण्णारावसरांनी मला फोन केला होता," तो म्हणाला. "तुम्ही काय बोललात ते सगळं सांगितलं."

"मी आधीच सांगायला हवं होतं. तुमची नोकरी गेली असती..."

"मला गेल्या सोमवारीच माहीत होतं. तुमच्या मागच्या फळ्यावर लिहिलेलं होतं, एक नंबर, एक माणूस."

"मग बोलला का नाहीत? एका वाक्यात सुटला असता."

"आणि तुम्ही अडकला असता. नोकरी कच्ची आहे, हे इरण्णामामांनी मंगळवारी काढून घेतलंच होतं." तो जमिनीकडे बघत हसला. "शिवाय... तुम्ही सांगाल असं वाटत होतं. नसतं सांगितलं तर वाईट वाटलं असतं. नोकरीचं नाही."

"मग कशाचं?"

"ते... गाडीला उशीर होतोय."

चालकाने हॉर्न दिला. तीन दिवस दोनशे चौदा जणांनी हिला प्रश्न विचारले होते आणि हिने सगळ्यांना खरी उत्तरं दिली होती. ज्याने अजून काहीच विचारलं नव्हतं त्यालाच काय ते सांगायचं राहिलं होतं. तिला अजिबात भीती वाटत नव्हती, याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

"शनिवारी मी सोनारीला येतेय," ती म्हणाली.

"नवा रकाना भरायला?"

"नाही. कामासाठी नाही."

त्याचे कान लाल झाले. "मग... घरी आईला काय सांगू, कोण येतंय?"

"सांगा..." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. "जिला तुम्ही आवडता, ती येतेय."

दोनशे चौदा घरांचे निरोप पोचवणाऱ्या त्या माणसाला एक शब्द सापडेना.

तेवढ्यात खिडकीतून शरणम्मांचा काळा चष्मा बाहेर आला.

"सांगतो म्हन की रं," त्या म्हणाल्या. "गाडी थांबलीया."

"सांगतो," मुकुल म्हणाला. "आजच सांगतो."