कोऱ्या परमिटवरची सही

शुक्रवारी रात्री मला झोप लागली नाही, आणि या खेपेला कारण गौतमीचा ताप नव्हता. तशी चार वर्षांच्या मुलीची आई झाल्यापासून मी नीट झोपलेय कधी? गॅसचं बटण तीनदा बघते, मग बघितलं का तेच आठवत नाही म्हणून चौथ्यांदा उठते. नवरा म्हणतो, तुला सेफ्टी ऑफिसर केलं ते बरोबरच केलं. पण त्या रात्रीची काळजी खरी होती. संध्याकाळी मी एका कोऱ्या परमिटवर सही करून आले होते.

परमिट म्हणजे काय ते आधी सांगते. शिरूरहून दौंडकडे येताना आमचं विद्यापीठ लागतं. नाव राहू दे. तिथल्या हॉस्टेलमागं मैलापाण्याची जमिनीखालची टाकी आहे. तिच्यातला पंप अडकला की माणूस उतरवावा लागतो. आधी मीटरनं आतला विषारी वायू मोजायचा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि दोराचं दुसरं टोक धरून एकानं वर थांबायचं. खालचा बाहेर येईपर्यंत त्या वरच्या माणसानं जागा सोडायची नाही. दोघांची नावं परमिटवर. आणि अगदी शेवटी, सगळे बाहेर आलेले डोळ्यांनी बघून, माझी सही.

डोळ्यांनी बघून, हे मीच ट्रेनिंगमध्ये ओरडून सांगते. पण वरवंडचं पाळणाघर साडेपाचला बंद होतं. म्हणून ठेकेदाराचा सुपरवायझर रोहिदास म्हणायचा, "मॅडम, तुमी सही करून ठिवा, आमी भरून घेतू." आणि मी करून ठेवायची. सगळेच ठेवतात, असं मनाशी म्हणायची. त्या रात्री मात्र डोळे मिटले की तो कागद दिसायचा. खाली माझी सही, वर सगळं रिकामं. उद्या कुणी त्यावर काहीही लिहिलं तर? कुणी उतरलं, आणि...

शनिवारी सुट्टी होती. नवरा रांजणगावला शिफ्टला गेलेला, पाळणाघर बंद. गौतमीला स्कूटरवर पुढं उभं केलं आणि निघाले. फाइलमधला एक कागद काढून फाडायचा, एवढंच काम होतं.

मे महिन्यातली दुपार. हॉस्टेल रिकामं. दोऱ्यांवर एक कपडा नाही, कुठं पंख्याचा आवाज नाही. फाइल टाकीशेजारच्या पंपरूममध्ये असते. दारात रोहिदास मोटार खोलून बसला होता आणि सिंधूबाई, हॉस्टेलच्या सफाईवाल्या, सावलीला भाकरीचं फडकं सोडत होत्या.

"आज कशापायी आलाव मॅडम? काम तर सोमवारी हाय."

"एक कागद न्यायचाय. टाकी बंद आहे ना?"

"कुलूप हाय की. ते बघा." त्यानं न बघताच पान्यानं तिकडं दाखवलं. "लई टेन्शन घेता तुमी. आन् ह्या बारक्या मॅडम कोन? इन्स्पेक्शनला आल्या व्हय?"

गौतमी लाजून माझ्या ओढणीत शिरली. मी हसले आणि फाइल उघडली.

परमिट कोरं नव्हतं.

तारीख आजची. उतरणारा : ज्ञानेश. आत जाण्याची वेळ : बारा चाळीस. बाहेर येण्याची वेळ : रिकामी. मी मोबाइल बघितला. बारा बावन्न. मग नजर पुढच्या ओळीवर गेली आणि मला वाटलं, उन्हानं डोळ्यांपुढं काहीतरी येतंय. वरचा माणूस : गौतमी.

अक्षर सुबक होतं, मोठ्या माणसाचं. माझ्या गौतमीला अजून ग सुद्धा सरळ काढता येत नाही.

"रोहिदास, ही काय चेष्टा आहे? कोण उतरलंय आत?"

"कोन न्हाई उतरलं. सकाळधरनं मी हितंच हाय." तो हात पुसत उठला, कागदावर वाकला, आणि तसाच वाकलेला राहिला.

सिंधूबाईंनी मान लांब करून बघितलं. त्यांना वाचता येतं, हळूहळू, बोट फिरवत. बोट एका जागी थांबलं.

"ह्यो... माजा भाऊ हाय."

"कुठाय तो? फोन लावा त्याला."

"कुटला फोन, ताई. हास्टेल बांधलं त्या साली ह्याच टाकीत उतरला हुता. तवा कागद न्हवता काय न्हवता. गेला कवा त्ये बी कळालं न्हाई. दारू पिऊन कालव्यात पडला म्हनून लिवलं त्यांनी. माजा ज्ञानेश चहा सुदिक घेत न्हवता, ताई..."

मी खाली हात नेला. ओढणीत गौतमी नव्हती.

मी बाहेर धावले. टाकीचं झाकण बाजूला सरकवलेलं होतं, आणि कुलूप कडीत तसंच, किल्लीनं लावलेलं, लोंबत होतं. त्या काळ्या चौकोनाच्या अगदी काठावर माझी मुलगी उभी होती. दोन्ही हातांत दोर. दोर आत गेलेला, आणि ताणलेला. नासक्या अंड्यांचा वास आला, आणि मग एकदम येईनासा झाला. वास यायचा थांबला की सगळ्यात वाईट, नाकच मेलेलं असतं. हेही मीच शिकवते. सवयीनं कमरेला अडकवलेला माझा मीटर ओरडायला लागला.

मी तिला कवेत घेऊन मागं ओढलं. ती हलली नाही. सोळा किलोची पोर, रोज रात्री उचलून निजवते मी तिला... त्या दुपारी ती जमिनीत रोवल्यासारखी होती.

"सोड दोर! गौतमी, चल!"

"नाही. मी थांबणारे." ती रडत नव्हती, तेच भयंकर होतं. चेहरा एखाद्या कामातल्या बाईसारखा. "काका वर नाही आले अजून."

"कोण काका? खाली कुणी नाहीये!"

"वरच्या माणसानं जायचं नसतं, आई. मागच्या वेळी ते मामा चहा प्यायला गेले." तिनं हनुवटीनं रोहिदासकडं दाखवलं.

मला वाटलं तो हसेल, काहीतरी फिरवाफिरवी करेल. पण तो पंपरूमच्या उंबऱ्यावर खाली बसला.

"धाच मिनटं..." तो जमिनीकडं बघत म्हणाला. "धाच मिनटं गेलतो मॅडम... दोर खांबाला बांधला हुता मी... सिंधूबाय, आईशप्पत बांधला हुता..."

सिंधूबाई त्याच्याकडं बघतच राहिल्या. इतकी वर्षं त्याच्या हाताखाली काम केलेलं, त्याच्याच डब्यातलं लोणचं खाल्लेलं.

मीटरचा आवाज चढत होता. गौतमीचे ओठ पांढरे पडायला लागले होते. तिला ओढून उपयोग नव्हता. ती नियमानं उभी होती, माझ्याच सहीखाली. आणि नियम मला पाठ होता: वरचा माणूस बदलता येतो, दुसऱ्यानं स्वतःचं नाव लिहिलं तर.

"सिंधूबाई, फाइल! पेन!"

त्या भानावर आल्या, धावत आल्या, फाइल आपल्या पाठीवर धरून माझ्यापुढं वाकल्या. मी गौतमीच्या नावावर काट मारली. पेन इतकं दाबलं की कागद फाटला. शेजारी लिहिलं : रश्मी. यापूर्वी शेकड्यांनी कागदांवर सह्या केल्यात. काय लिहितेय ते कळून लिहिलेला हा पहिला.

दोर माझ्या हातात आला. गौतमी एकदम हलकी झाली, डोळे चोळायला लागली, आणि सिंधूबाईंनी तिला उचलून वाऱ्याच्या बाजूला, लांब कडुनिंबाखाली नेलं. ती खोकली. श्वास घेतला तिनं. माझी पोर श्वास घेत होती.

मीही वाऱ्याकडं सरकले, दोर पुरेल तेवढी. तळहात सोलत होते. त्या दोराला वजन होतं... पंपाचं नाही, दगडाचं नाही. मधेच कमी व्हायचं, मधेच वाढायचं, कुणी शिडीवर पाय बदलावा तसं. सोडून पळावं, असं किती वाटलं सांगू. मुलीकडं बघितलं आणि थांबले. पहिल्यांदाच, शेवटपर्यंत थांबायचं म्हणून थांबले.

मग खालून तीन हिसके आले. सावकाश. 'वर घ्या' म्हणून आम्ही शिकवतो, तसे.

"मॅडम, वढू नका..." रोहिदास उंबऱ्यावरून पुटपुटला. "पाया पडतो, वढू नका..."

मी ओढायला सुरुवात केली. दोन हात दोर वर आला, ओला, काळा. आतून गार हवा आली. झाडाखालून गौतमीनं मान तिरपी केली. फोनवर पलीकडचं नीट ऐकू येत नसलं की ती तशीच करते. ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि मला हाक मारून म्हणाली,

"आई, काका विचारतायत, अजून कोरे कागद आहेत का? खाली आणखी दोघं आहेत."