‘जवळ’च्या यादीतलं नाव

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी इथंच सोडून द्यावी. जिच्यासमोर हे घडलं ती साबे आज सीमेपलीकडे थायलंडमधल्या माय सोतच्या एका कारखान्यात शर्टांना बटणं लावते. मी हे तिच्याच तोंडून ऐकलं आहे.

ब्रह्मदेशात लष्करानं सत्ता उलटवली, त्या वर्षीचा एप्रिल. थब्येगोन गावाबाहेरची शिपायांची वस्ती. पाण्याचा सण तोंडावर आला होता, पण यंदा कुणी कुणावर तांब्याभर पाणीसुद्धा उडवणार नव्हतं.

इंटरनेट बंद. फोनला रेंज नाही.

वस्तीतल्या बायकांनी मात्र तोड काढली होती. त्यांच्या फोनमध्ये एक ॲप होतं. त्याला ना सिम लागायचं, ना टॉवर. एका फोनमधून निघालेला निरोप हवेतून थेट दुसऱ्या फोनमध्ये. पल्ला मात्र थोडा... शेजारची घरं, फार तर अंगणातला हापसा. जे फोन तेवढ्या टप्प्यात असतील त्यांची नावं ‘जवळ’ अशा यादीत दिसायची. मीठ आहे का, पोराचा ताप उतरला का, असलं त्यावर चालायचं.

साबेचा शिपाई नवरा मिन लाट गावातल्या धरपकडीवरून दोन दिवसांनी परतला होता. त्यानं खिशातून एक फोन काढून पलंगावर टाकला.

“घे. तुझा जुना झालाय.”

कोपऱ्यात काच तडकलेली. फोन बंद होता आणि घरात वीज नव्हती. कुणाचा, असं साबेनं विचारलं नाही. असलं विचारायचं नसतं, हे ती लग्नानंतर लवकरच शिकली होती.

दिवेलागणीला ती भात वाढत होती.

तिचा फोन थरथरला...

“आई, मी इथं आहे.”

पाठवणाऱ्याचं नाव, पाई सोन. असं कुणी वस्तीत नव्हतं. तिनं यादी पाहिली. नेहमीची नावं होती... आणि खाली हे एक.

कुणाचं तरी पोरगं खेळत असेल. तिनं लिहिलं, “कोण रे?”

“दार उघड ना, आई.”

मिन लाटनं तिच्या हातातून फोन ओढला.

“हे किती लांबून येतं?”

“लांबून नाही येत. शेजारपाजारचंच कुणीतरी असणार.”

शेजारी म्हणजे जो मो नावाचा शिपाई. गावात जायच्या दिवशी तो पोट बिघडलं म्हणून घरी राहिला होता. मिन लाटच्या मनात ते सलतच होतं.

“मला खेळवतो काय. बघतो त्याच्या पोटाकडे.”

बंदूक घेऊन तो निघाला. साबे मागून धावली. फोन कसाबसा तिनं परत घेतला होता.

जो मो अंगणात कांदे सोलत बसला होता. त्यानं वर पाहिलं.

“काय दादा, जेवलास का?”

फोन थरथरला...

“आधी डोकं.”

साबेनं वाचलं, आणि बंदुकीचा दस्ता जो मोच्या डोक्यात बसला. तो आडवा झाला. कानामागून रक्त आलं.

“आता बोटं.”

मिन लाटनं त्याचा उजवा हात टाचेखाली घेतला. हाडं मोडल्याचा आवाज साबेला स्पष्ट ऐकू आला. जो मोची बायको ए मा मधे पडली, तिला त्यानं कोपरानं भिंतीवर फेकलं.

“दादा, मी काय केलं? काय केलं ते तर सांग.”

“आता बरगड्या.”

लाथेवर लाथ. तिसऱ्या लाथेनंतर जो मो बोलायचा थांबला.

साबेच्या ध्यानात आलं. निरोप आधी येत होता... मार नंतर. मिन लाट तर फोनकडे बघतही नव्हता. त्याचे हातपाय सवयीनं चालावेत तसे चालले होते.

फोन पुन्हा थरथरला. या वेळी ती मोठ्यानं वाचून गेली.

“आता गळा.”

मिन लाटचा बूट जो मोच्या गळ्यावर होता.

तो तिथंच थांबला.

“काय म्हणालीस?”

“यात आलंय.”

“कुणी सांगितलं तुला?” त्याचा चेहरा राखेसारखा झाला. “कुणालाच माहीत नाही ते. गावातल्या त्या पोराजवळ मी एकटाच होतो.”

आरडाओरड्यानं शेजारीपाजारी बाहेर आले होते; हे तो सगळ्यांदेखत बोलला. बोलल्यावर त्यालाही ते कळलं.

“तो फोन कुठाय?”

“पलंगावर. पण तो बंदच आहे.”

तो धावत घरात गेला. आतून कडी लावल्याचा आवाज आला. मग काहीतरी आपटल्याचा.

साबेच्या हातात फोन थरथरला...

“आता आम्ही दोघंच आहोत, आई.”

आणि मग आत पहिला घाव पडला.

पाठोपाठ किंकाळी आली, ती मिन लाटची होती. असा ओरडताना त्याला कुणीच कधी ऐकलं नव्हतं. थोड्या वेळानं हाडं मोडली... एकेक करून. मग लाथा. खिडकीला लोखंडी गज, दार जाडजूड. शिपाई जमले, पहारी आणल्या. पुढं काय ते साबेला ठाऊक होतं. तिनं दोन्ही कान दाबून धरले.

दार तुटलं तेव्हा आत फक्त मिन लाट होता.

डोकं फुटलेलं. उजव्या हाताची बोटं उलटी वळलेली. गळ्यावर बुटाचा ठसा, खोल, नक्षीसकट. ठसा त्याच्याच बुटाचा होता, आणि दोन्ही बूट त्याच्या पायात होते.

पलंगावरचा फोन तसाच होता. बंद.

साहेब आले. फोन घेऊन गेले. वस्तीत कुणी तोंड उघडायचं नाही, असं बजावून गेले.

जो मो वाचला. तो आणि ए मा जंगलातून सीमेपार पळाले. नंतर साबेही गेली. पुढच्या वर्षी माय सोतच्या बाजारात त्यांची गाठ पडली. तिघं मोहिंगा, म्हणजे माशाच्या रश्शातल्या शेवया, खायला बसले. जो मो डाव्या हातानं खात होता.

मधेच तो म्हणाला, “वहिनी, तेव्हापासून विचारायचं होतं. मार पडत होता तेव्हा कुणीतरी माझं डोकं मांडीवर घेऊन बसलं होतं. सारखं ‘थोडंच राहिलंय, थोडंच राहिलंय’ म्हणत होतं. तूच ना?”

साबे तेव्हा हापशापाशी उभी होती. ए मा भिंतीशी पडली होती. जो मोजवळ मिन लाटखेरीज कुणीच नव्हतं.

“हो,” ती म्हणाली. “मीच होते.”

जो मोनं चमचा खाली ठेवला.

“हात मात्र फार गार होते तुझे,” तो म्हणाला... आणि पुन्हा खायला लागला.